पेंढी उंच कशी जाते?

स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्यात गावोगावी 'हायलँड गेम्स' भरतात. आपल्याकडच्या जत्रेत कुस्त्यांचा फड असतो तसा तिथे ताकदीच्या खेळांचा फड असतो. अख्खा लाकडी ओंडका उभा उचलून उलटा फेकणं, दगड फेकणं, हातोडा फेकणं, ५६ पौंडांचं म्हणजे साधारण साडेपंचवीस किलोचं वजन एका हाताने डोक्यावरच्या दांडीपलीकडे टाकणं, असे ते खेळ. त्यातलाच एक खेळ म्हणजे 'शीफ टॉस'. शीफ म्हणजे पेंढी आणि टॉस म्हणजे वर फेकणं. सरळ मराठीत सांगायचं तर पेंढीफेक.

खेळ ऐकायला अगदी सोपा आहे. गवत किंवा काड ठासून भरलेली गोणपाटाची पिशवी असते. पुरुषांसाठी ती १६ किंवा २० पौंडांची, म्हणजे सव्वासात किंवा नऊ किलोची, आणि बायकांसाठी बहुधा १० पौंडांची, म्हणजे साडेचार किलोची. ही पिशवी लांब दांड्याच्या काट्याने उचलायची आणि डोक्यावरच्या आडव्या दांडीवरून पलीकडे टाकायची. हात लावायचा नाही, फक्त काटा वापरायचा. एका उंचीला तीन संधी मिळतात. जमलं की दांडी वर जाते, तिन्ही वेळा चुकलं की खेळ संपला. म्हणजे नियम उंच उडीसारखेच, फक्त उडी आपण मारायची नाही, पेंढीने मारायची. चांगले खेळाडू १६ पौंडांची पिशवी तीस फुटांच्या वर नेतात. तीस फूट म्हणजे तीन मजली इमारतीची गच्ची समजा.

आता तुम्ही म्हणाल, वाङ्मय मंडळाच्या अंकात हे कशाला? सांगते. या खेळावर वाचायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की यातली एकही गोष्ट मला परकी नाही. पेंढी, काटा, कमरेचा झोका, वर उभा असलेला माणूस, हे सगळं मी लहानपणी मुलताईजवळ मामाजींच्या शेतात पाहिलं आहे. फरक एवढाच की तिथे कोणी टाळ्या वाजवत नव्हतं आणि कोणी त्याला खेळ म्हणत नव्हतं. आज तिथे ते कामही होत नाही. म्हणून हा लेख अर्धा तंत्राबद्दल आहे आणि अर्धा त्या कामाबद्दल.

काम आधी, खेळ मागून

बैतूल जिल्ह्यात, आपल्या भोपाळपासून रेल्वेने काही तासांवर, मराठी बोलणारी पुष्कळ गावं आहेत. तिथे गहू 'कापत' नाहीत, 'सोंगतात'. सोंगणी झाली की मूठ मूठ गहू एकत्र करून काडाच्याच पिळाने बांधायचा, ती पेंढी. पेंढ्या बंडीवर लादायच्या, खळ्यावर न्यायच्या आणि मळणीचा दिवस येईपर्यंत एकावर एक रचून ठेवायच्या. ती गंजी. देशावर ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या अशाच रचतात. कुठे त्याला गंजी म्हणतात, कुठे वळई, कुठे बुचाड, कुठे सुडी. प्रत्येक शब्दाचा आकार वेगळा आणि गावागणिक अर्थही थोडा सरकतो.

गंजी कमरेएवढी असते तोवर पेंढी नुसती ठेवली तरी चालते. छातीच्या वर गेली की फेकावी लागते. आणखी वर गेली की एक माणूस वर चढतो आणि खालचा त्याच्याकडे पेंढी टाकतो, हाताने नाहीतर काट्याने. स्कॉटलंडचा शेतकरीही नेमकं हेच करत होता. गाडीवर किंवा गंजीवर पेंढी चढवायची म्हणजे काटा आलाच. दिवसभर हे काम करणाऱ्या दोन तरुणांमध्ये 'तू उंच टाकतोस की मी' ही पैज लागायला कितीसा वेळ लागणार? खेळ तिथूनच आला. युरोपात बास्क लोकांकडेही गवताची गाठ काट्याने उंचावरून पलीकडे फेकायचा खेळ आहे. जिथे पेंढी होती तिथे पैज होतीच.

फेक कशी करायची

आता तंत्र. मी आणि माझी मैत्रीण गेल्या हिवाळ्यात कॉलेजच्या मैदानाच्या कडेला हे करून पाहत होतो. पोत्यात कुटार भरून साडेचार किलोची गाठ केली होती (कुटार म्हणजे गव्हाचा भुसा, विदर्भाकडचा शब्द) आणि दोन झाडांमध्ये दोरी बांधली होती. उजव्या हाताच्या माणसासाठी क्रम असा.

पहिलं, काटा खुपसणं. पिशवी जमिनीवर आडवी असते. काट्याचे दात किती आत घालायचे हे सगळ्यात महत्त्वाचं. फार खोल गेले तर पिशवी सुटायच्या वेळी सुटत नाही, काट्याबरोबरच मागे ओढली जाते. फार वरवर गेले तर झोका घेतानाच गळून पडते. दात कुठे खुपसायचे हेही ठरवावं लागतं. बरोबर मध्यावर खुपसले तर पिशवी सुटल्यावर कमी गरगरते, टोकाकडे खुपसले तर जास्त. प्रत्येकजण सरावाने आपली जागा ठरवतो आणि मग दर वेळी तीच ठेवतो.

दुसरं, उभं राहणं. दांडीकडे पाठ करायची. पाय खांद्यांपेक्षा जरा जास्त फाकवायचे, गुडघे थोडे वाकलेले. एक हात काट्याच्या दांड्याच्या मागच्या टोकाजवळ, दुसरा पुढे, दातांच्या बाजूला. दोन्ही हात जवळजवळ धरले तर जोर लागत नाही, फार लांब धरले तर झोका आखडतो.

तिसरं, झोका. पिशवी उचलून एकदा-दोनदा पायांच्या मध्ये मागे-पुढे हलवायची, झोपाळ्यासारखी. हा झोका दिखाव्यासाठी नाही. त्यात पिशवीचा जडपणा कळतो, ताल मिळतो आणि शेवटच्या ओढीला लांब रस्ता मिळतो. जितका लांब रस्ता, तितका वेळ जोर लावता येतो. जितका वेळ जोर, तितका वेग.

चौथं, ओढ. पिशवी खाली, मागे गेलेली असताना आधी पाय जमीन ढकलतात, मग कंबर सरळ होते, मग पाठ, मग खांदे आणि सगळ्यात शेवटी हात. हा क्रम उलटला तर फेक बसली. नवखा माणूस हातापासून सुरुवात करतो आणि हात एकटे दमतात. मामाजींना मी फोनवर विचारलं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "बाई, जोर हाताचा नसते, कमरेचा असते. हात फक्त वाट दाखवते."

पाचवं, सोडणं. काटा डोक्यावर येतो तेव्हा तो झटकन थांबवायचा किंवा त्याचा वेग एकदम कमी करायचा. काटा थांबतो, पण पिशवीला थांबायचं माहीत नसतं. ती आपल्या वेगाने दातांवरून घसरून वर निघून जाते. ओल्या हातावरचं पाणी झटकतो तेव्हा हेच होतं, फावड्याने माती फेकतो तेव्हाही हेच होतं. म्हणून इथे 'फेकणं' हा शब्द तसा अपुरा आहे. पेंढी आपण फेकत नाही, काटा तिच्याखालून काढून घेतो.

थोडं गणित

काटा का, नुसता हात का नाही? कारण काटा हाताची लांबी वाढवतो. खांद्यापासून हाताची मूठ ६० सेंटिमीटरवर आणि काट्याचं टोक १५० सेंटिमीटरवर आहे असं धरा. दोन्ही एकाच वेळात तेवढाच कोन फिरतात, पण टोकाला अडीचपट लांब कंस कापायचा असतो, म्हणून त्याचा वेगही अडीचपट. विटीदांडूत दांडू हेच करतो आणि ज्वारीवरची पाखरं उडवणारी गोफणही हेच करते. फुकट मात्र काही मिळत नाही. वजन जितकं लांब, तितकं ते हाताला जड लागतं. म्हणून फार लांब काटाही कामाचा नाही.

आता वेग किती लागतो ते पाहू. वर फेकलेली वस्तू किती चढेल हे वेगाच्या वर्गावर ठरतं. पिशवी काट्यावरून सुटते तेव्हा ती जमिनीपासून अडीच मीटरवर आहे असं समजू. सहा मीटरची दांडी ओलांडायला तिला साडेतीन मीटर चढायचं आहे. त्यासाठी सेकंदाला सुमारे ८.३ मीटर वेग लागतो, म्हणजे तासाला ३० किलोमीटर. नऊ मीटरची दांडी असेल तर चढाई साडेसहा मीटर, आणि वेग ११.३ मीटर, म्हणजे तासाला ४० किलोमीटरच्या जरा वर. शहरातल्या रस्त्यावर स्कूटर चालते तेवढ्या वेगाने सात किलोची गोणी सरळ आभाळाकडे पाठवायची आहे. यात वजनाचा आकडा कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या. हलकी असो वा जड, तेवढ्या उंचीला तेवढाच वेग लागतो. जड पिशवीला तो वेग देणं अवघड, एवढंच.

कोनाचं काय? गोळाफेकीत लांब जायचं असतं. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने गोळाफेकीत एफ-४६ गटात १६.३२ मीटर फेक करून रौप्यपदक मिळवलं. त्या खेळात गोळा तिरपा निघावा लागतो, उंची आणि लांबी यांचा मेळ घालावा लागतो. पेंढीफेकीत लांबीला किंमत नाही. पिशवी जवळजवळ सरळ वर गेली पाहिजे, फक्त दांडीपलीकडे पडेल एवढीच मागे कललेली. हिशेब केला तर उभ्या रेषेपासून १० अंश कललं तर चढाई शेकडा ३ नेच कमी होते. २० अंश कललं तर शेकडा १२ ने. ३० अंश कललं की पाव चढाई गेली. वरच्या नऊ मीटरच्या उदाहरणात १० अंश कललेली पिशवी आपल्या सगळ्यात उंच जागी पोचेपर्यंत सुमारे सव्वादोन मीटर मागे सरकलेली असते. म्हणजे सुटण्याची जागा दांडीच्या सव्वादोन मीटर अलीकडे असली पाहिजे, तरच पिशवीचं शिखर दांडीच्या बरोबर वर येतं. अर्धा मीटर पुढेमागे झालं तर ताकद असूनही दांडी पडते. आमच्या सरावातही उभं राहायची जागा चुन्याने आखल्यावर फेका एकसारख्या व्हायला लागल्या.

खेळाडू आणि गंजीवाला

इथवर खेळ आणि काम एकच वाटतं. पण एका जागी दोघांची वाट वेगळी होते आणि मला ती जागा सगळ्यात आवडते.

खेळाडूला पेंढी जास्तीत जास्त उंच न्यायची असते. पलीकडे ती कशीही पडो. गंजीखालच्या माणसाला ती नेमकी हवी तेवढीच उंच न्यायची असते. वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातापाशी पोचताना पेंढीचा वेग संपलेला पाहिजे. कमी पडली तर खाली येऊन डोक्यावर बसते. जास्त झाली तर वरच्याला वेगात झेलावी लागते, आणि गंजीवर पाय ठेवायला जागा ती किती! मामाजींच्या भाषेत, "पेंढी त्याच्या हातात जाऊन मेली पाह्यजे." बांधकामावर एक मजूर खालून विटांची जोडी टाकतो आणि दुसरा वरून अलगद घेतो, ते तुम्ही भोपाळमध्ये कुठेही पाहिलं असेल. वरचा मजूर वीट 'पकडत' नाही, हवेत क्षणभर थांबलेली वीट नुसती उचलून घेतो. भौतिकशास्त्रात आपण लिहितो की सर्वोच्च बिंदूला वेग शून्य असतो. ते सूत्र हे लोक दिवसाला शेकडो वेळा सोडवतात, आणि गंजी वाढते तसतसं उत्तरही बदलत जातं, कारण वरचा माणूस प्रत्येक थरागणिक वर चढत असतो.

शिवाय पेंढीला दिशा असते. ओंब्या कुठल्या बाजूला आणि बुडखे कुठल्या बाजूला, हे रचणाऱ्यासाठी महत्त्वाचं. ओंब्या आत, बुडखे बाहेर, म्हणजे पाऊस आला तर दाणा भिजत नाही. खालच्याने पेंढी अशी टाकायची की वरच्याला ती फिरवावी लागू नये. आणि फार जोरात हिसका द्यायचा नाही, पिकलेल्या ओंबीतून दाणा झडतो. म्हणून हे काम पहाटे, दवाने काड जरा मऊ असताना चालायचं. झडलेला दाणा कोणाचा, यालाही नियम होते. तो सरवा, मागून वेचणाऱ्याचा. मराठी बायबलमधली रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते तेव्हा हाच शब्द येतो. आपल्या चॅपलमध्ये ही गोष्ट ऐकलेल्या कितीजणांनी प्रत्यक्षात सरवा वेचताना कुणाला पाहिलं आहे?

पाठीचा प्रश्न

आता सावधगिरीचं. हे करून पाहायचं असेल तर पाठ सांभाळा. वाकताना पाठीला कमान करू नका, कमरेतून वाका. वजन उचललेलं असताना अंग पिळू नका. वाकणं आणि पिळणं एकत्र आलं की मणक्यांमधल्या चकतीवर सगळ्यात वाईट ताण येतो. सुरुवात दोन-तीन किलोच्या गाठीने करा. काट्याच्या दातांसमोर कोणी उभं राहायचं नाही आणि पिशवी हवेत असताना दांडीखाली कोणी जायचं नाही.

खेळाडू दिवसात वीस-तीस फेका करतो आणि मध्ये विश्रांती घेतो. शेतकरी अख्खा हंगाम फेकतो. मामाजींची कंबर पन्नाशीतच धरली. भोपाळच्या नबीबागेत केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे, १९७६ साली सुरू झालेली. शेतमजुरांच्या शरीराची मापं घेऊन अवजारं त्यांना सोसतील अशी करावीत, हे तिथल्या कामांपैकी एक आहे. दांडा किती लांब, मूठ किती जाड, हे प्रश्न वाचायला किरकोळ वाटतात, पण एखाद्याची पाठ त्यावर ठरते.

म्हणून गेलेल्या दिवसांबद्दल उगीच गहिवरून बोलायला माझी जीभ वळत नाही. आता मुलताईकडेही हार्वेस्टर येतो. सोंगणी, पेंढी, बंडी, गंजी, मळणी, सगळं एका सकाळीत आटोपतं. मी मामाजींना विचारलं, गंजी गेली याचं वाईट वाटतं का? ते म्हणाले, "वाईट काहून वाटन? पाठ सुटली माही." मग थोडं थांबून म्हणाले, "पण कुटार गेलं." हार्वेस्टर ओंब्या वरच्या वर कापतो आणि उभी काडं शेतातच राहतात. जनावरांचा चारा वेगळ्या यंत्राने काढावा लागतो, नाहीतर विकत घ्यावा लागतो. ज्यांना ते परवडत नाही किंवा पुढच्या पिकाची घाई असते, ते काडी लावतात. या जळणाऱ्या काडाला इथे नरवाई म्हणतात. ती जाळायला बंदी आहे, तरी एप्रिलमध्ये बसने जाताना काळी पडलेली शेतं दिसतातच.

मग काय उरतं

यंत्र परत पाठवा असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण स्कॉटलंडमध्येही यंत्रं आलीच की. तिथे काम गेलं, तरी त्यातलं कसब मैदानावर उरलं. काटा कसा धरायचा, किती खुपसायचा, कधी सोडायचा, हे आजही एकजण दुसऱ्याला शिकवतो. आपल्याकडे काम गेलं आणि त्याच्याबरोबर कसबही जातंय, कारण त्याला कसब म्हणायचं कोणाला सुचलंच नाही. ते 'मजुरी'त जमा होतं. मामाजींचा मुलगा इंदूरला नोकरी करतो. त्याला ही फेक येत नाही आणि आता त्याला ती शिकायचं कारणही नाही.

शब्दांचंही तसंच आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्या काळच्या माणसाने शेतातले शब्द गोळा करून ठेवले म्हणून आपल्याला ते निदान कागदावर भेटतात. पण कोशात 'पेंढी' असली तरी ती गंजीवरच्या हातात कशी 'मरते' हे कोशात नसतं. ते माणसाकडेच असतं आणि माणूस साठीच्या पुढे गेलेला असतो.

तेव्हा दोन गोष्टी सुचवते. एक, आपल्या क्रीडा दिनात रस्सीखेच आणि लिंबू-चमचा असतोच, त्यात पेंढीफेक घालायला काय हरकत आहे? पोतं, कुटार, दातांची टोकं बोथट केलेला एक काटा आणि एक दोरी, खर्च म्हणाल तर जेमतेम. दुसरं, सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांना, मामा-मामींना एवढंच विचारा की तुमच्याकडे पेंढी कशाने बांधत, कशाने उचलत, रचलेल्या ढिगाला काय म्हणत आणि वर टाकणारा चांगला कोण होता. शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याचं उत्तर येताना एखादं नाव येतं आणि नावामागून गोष्ट येते. ती लिहून मंडळाकडे द्या. पुढच्या अंकात सगळे शब्द गावाच्या नावासह एकत्र छापता येतील. बैतूलची गंजी, सांगलीची वळई आणि अजून कुठली कुठली, एका पानावर.